स्क्रूवरची लाल रेघ

वणीच्या दवाखान्यात हवालदारानं माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. तिच्यात पाकीट होतं, किल्ल्या होत्या, चुराडा झालेला मोबाइल होता आणि अंगठ्यापेक्षा थोडी जाड, बोटभर लांब अशी एक काळी नळी होती.

"हे दुर्बीण पाहून घ्या मॅडम, अन् इथं सही करा," तो म्हणाला.

"दुर्बीण नाही ती," मी म्हणाले. "रेड डॉट साइट म्हणतात तिला. दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसतं, हिच्यातून नाही."

नवरा आत पांढऱ्या चादरीखाली होता आणि मी बाहेर हवालदाराची शिकवणी घेत होते. बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचा हा परिणाम. शिवाय माझा राग वेळकाळ पाहत नाही. तो बिचारा "बरं मॅडम" म्हणाला. मी सही केली आणि नळीला डोळा लावला. पुढची काच तडे जाऊन पांढरीफटक झाली होती, पलीकडचं काहीएक दिसत नव्हतं. पण त्या पांढऱ्यात मधोमध लाल ठिपका जळत होता.

माझा नवरा वनरक्षक होता. गोठ्यात शिरलेला बिबट्या, विहिरीत पडलेलं अस्वल, फाशात अडकलेलं एखादं जनावर, असं काही झालं की पथक निघायचं, आणि त्या पथकात बंदुकीनं बेशुद्धीचं इंजेक्शन मारणारा तो. बंदूक खात्याची होती. तिच्यावर बसवायची ही नळी मात्र त्यानं स्वतःच्या खिशातून घेतली होती, म्हणून काम झालं की तो ती काढून आतल्या खिशात ठेवायचा आणि घरी आणायचा. लोक तिला लेझर म्हणायचे आणि तो चिडायचा. लेझरचा ठिपका जनावराच्या अंगावर पडतो, हा पडत नाही. नळीत एक बारीक दिवा असतो, त्याचा उजेड काचेवरून परत येऊन डोळ्यात शिरतो. जो डोळा लावेल त्यालाच तो ठिपका दिसतो, बाकी जगाला पत्ता नसतो. ठिपका जिथे, तिथे इंजेक्शन लागतं.

तो झरीकडून मोटारसायकलवर परत येत होता. रस्त्यावर कोळशाची भुकटी सांडलेली, वरून पाणी, आणि मागे ट्रक. यापुढचं मला अजूनही सांगता येत नाही आणि कुणी विचारू नये.

त्याला घरी आणलं, आंघोळ घातली, नेलं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी फाटकापर्यंत गेले, तिथे नणंदेनं माझा दंड धरला. पुरुष परत आले तेव्हा सासूनं दाराबाहेर पाण्याची बादली ठेवली होती. एकेकानं पाय धुतले, कडुनिंबाचा पाला चावला, थुंकला आणि मग आत आला. मी ओट्यावर बसून ते सगळं पाहत होते. ज्यांनी आयुष्यात त्याला कधी धड विचारलं नाही तेसुद्धा त्याला पोचवून आले होते आणि पाला चावत होते. मला सगळ्यांचा राग आला.

त्याला जिथे ठेवलं होतं तिथे दिवा लावला. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, ही सासूची ड्यूटी. पहिल्या रात्री दिव्याजवळ पीठ पसरून त्यावर टोपली झाकली. मेलेला माणूस पुढच्या जन्मी कोण होणार त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणे. सकाळी टोपली एका बाजूला सरकलेली होती. चुलत सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बिबट्याचं पाऊल हाये."

"मांजर आहे, शेजारची," मी म्हणाले. "रोज येते."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच टोपली सरकवली. मांजरच होती, मला आजही शंका नाही. पण त्या दिवसानंतर मांजर ओट्यावर आली की मला तिला हाकलवेना.

दहाव्या दिवशी दिवा शांत केला. नळीतला ठिपका जळतच राहिला, तिची बॅटरी महिनोन्महिने पुरते. त्याच्या बाजूला चेपलेलं एक बटण होतं. ते दाबलं की ठिपका गेला असता. मी दाबलं नाही.

ही नळी म्हणजे काय चीज आहे, हे त्यानं मला आमच्या अंगणात शिकवलं होतं. एकदा ती त्याच्या हातून फरशीवर पडली. मी ओरडलेच, कारण तिच्यापायी आमची दिवाळी सुकी गेली होती. तो मात्र खाली बसून शांतपणे चाचपत राहिला.

"काच फुटली तं फुटू दे," तो म्हणाला. "बाहेरची काच निस्ती राखणीले हाये. ठिपका आतल्या काचेत राह्यते. ते धड असली का झालं."

मग मला दाखवायला त्यानं नळीच्या पुढच्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावली आणि ती माझ्या उजव्या डोळ्याला लावली. "दोन्ही डोळे उघडे ठेव. आता पाह्य."

उजव्या डोळ्याला काळोख आणि त्यात ठिपका. डाव्या डोळ्याला अंगण, तुळस, दोरीवरचे कपडे. आणि दोन्ही मिळून पाहिलं तर ठिपका थेट त्याच्या बनियनवर. मी दचकले. एका डोळ्याला ठिपका दिसतो, दुसऱ्याला जग, आणि डोकं दोन्हीची एक गोष्ट करून टाकतं. मी हे मुलांना शिकवत होते, पण असं कधी अनुभवलं नव्हतं.

"पण एक हाये," तो म्हणाला. "लय फुटली, तरी मारून पाह्याचं. दर टायमाले निराळ्याच जागी मारते, तं ते भटकलं. फेकून द्याचं. पण दर टायमाले एकाच जागी चुकते, तं ते मेलं नाही. निस्तं सरकलं. स्क्रू फिरवला का पुन्हा जागेवर."

नळीला दोन बारीक स्क्रू होते. एकानं ठिपका खालीवर सरकतो, दुसऱ्यानं डावीउजवीकडे. रविवारी तो वनखात्याच्या लाकूड-डेपोवर जायचा, कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, भरलेल्या पोत्यावर रिकामी इंजेक्शनं मारायचा आणि ठिपका अगदी जागेवर आला की स्क्रू तसाच सोडायचा. केसात कुटार घेऊन घरी यायचा. एकदा त्यानं माझ्या कपाटातून लाल नेलपॉलिश काढलं आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यापासून नळीच्या अंगापर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. रेघ अखंड आहे तोवर स्क्रू हलला नाही असं समजायचं, ती तुटली तर हलला.

"अन् माझी बाटली उघडी ठेवून वाळवून टाकली ती?" मी विचारलं.

"नखाले तू लावत नाही. बंदुकीले तरी लागलं," तो म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. आता वाटतं, कशावर वेळ घालवला.

तर पिशवीतून नळी मिळाली तेव्हा काच फुटली होती, अंग चेपलं होतं, पण दोन्ही रेघा जशाच्या तशा होत्या. म्हणजे त्याचा नेम तिच्यात तसाच होता. तो ज्या डोळ्यानं, ज्या कोनातून पाहायचा, ते पाहणं तेवढं त्या नळीत उरलं होतं. हे मी कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, मास्तरीण वेडी झाली.

शाळेतून आले की मी नळी डोळ्याला लावून बसायची. काचेतून दिसत नव्हतंच, तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. ठिपका त्याच्या खुर्चीवर बसायचा. टोपीच्या खिळ्यावर बसायचा. अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडावर बसायचा. आणि मी एकटक पाहत राहिले की ठिपका आपोआप हलायचा. हळूहळू, उजवीकडे, दाराच्या बाजूला. मी हात हलवलेला नसायचा. एक डोळा झाकलेला असला की तो सैल होऊन आपल्या ओढीनं सरकतो, त्यामुळे ठिपका सरकल्यासारखा वाटतो. हे मला माहीत आहे, मी फळ्यावर चित्र काढून समजावू शकते. पण संध्याकाळी रिकाम्या घरात लाल ठिपका खुर्चीवरून उठून दाराकडे जाऊ लागला की विज्ञान कुठल्या कुठे जातं. मला भीती वाटायची. आणि त्याहून जास्त भीती वाटायची की एक दिवस तो हलणार नाही.

एकदा आरशासमोर उभी राहिले. माझं कुंकू नवव्या दिवशी एका काकूंनी पदरानं पुसून टाकलं होतं, न विचारता. पुसायचंच असतं तर मी माझ्या हातानं पुसलं असतं. आरशात पाहिलं तर ठिपका आधी माझ्या गळ्यावर होता. मी नळी जरा वर केली. तो कपाळावर आला, बरोबर भुवयांच्या मध्ये, लालभडक. मी नळी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

सासू दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिचं आणि माझं कधी जमलं नाही. तिला मी तिखट वाटायची आणि मला ती खवचट. एकुलता मुलगा गेल्यापासून ती फार बोलत नव्हती. त्या दिवशी मात्र बोलली.

"इझव ते."

"आई, तो दिवा नाही. बॅटरी आहे."

"मले काय समजत नाही का? दहाव्याले दिवा इझवा लागते. जळत ठेवला तं जाणाऱ्याले वाटते का घरचे बलावून राह्यले. तो पुढं जात नाही, मांगं येत नाही. अडकून राह्यते."

"बटण असतं त्याला. दिवा वेगळा, बटण वेगळं."

"मंग दाब ना बटन," ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटले आणि कपाटाचं दार आपटलं. त्यानंतर सासू देवळात गेली की मगच मी नळी काढायची. तिला कळत होतं आणि मला कळत होतं की तिला कळतंय.

मग एका सकाळी त्याचा मित्र आला. दोघं एकदमच खात्यात लागले होते. याच्या वडिलांचं वणीत गॅरेज, त्यामुळे पथकाची गाडीही हाच दुरुस्त करायचा. नवऱ्याच्या जागी आता बंदूक याच्याकडे आली होती. अंगणात आला, पण नवऱ्याच्या खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. चहा दिला तर हातात धरून राहिला.

"भाभी, मले मागाले शरम वाटून राह्यली," तो म्हणाला.

झरीकडच्या एका गावाजवळ नाल्यात बिबट मादी बसली होती. रानडुकरासाठी लावलेला तारेचा फासा तिच्या कमरेत रुतला होता. फासा तोडून ती पळाली खरी, पण तार अंगातच राहिली होती. बेशरमाच्या झुडपात पडून होती आणि बाजूला गाव जमलं होतं.

"खात्यानं मंग एक नळी देल्ली, थे पावसात गेली. आतून सारी धुकटली, ठिपकाच दिसत नाही. दुसऱ्या पथकाले फोन केला, ते आपलं घेऊन दुसरीकडं गेलतं."

"नळीशिवाय मारता येत नाही का?"

"येते ना, जवळ गेलं तं. पण जवळ गेलं का थे उठते, अन् उठली का तार अजून आत जाते. दुरून, झुडपाच्या फटीतून मारा लागते. भाभी, आजचा दिवस काढते, उद्याचं काई खरं नाही."

मला त्या मादीची कीव आली नाही, असं नाही. पण मनात पहिला विचार आला तो हा, की नळी तिकडे गेली की हात लागतील, आणि कुणी तरी तो स्क्रू फिरवील.

स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला. "देऊन टाक."

"तुम्हाला घाईच झाली आहे," मी आतल्या बाजूला ओरडले. मग कपाटातून नळी आणली. त्याच्या हातात दिली नाही, माझ्या पर्समध्ये ठेवली. "मी येते डेपोवर. बंदूक तीच, जागा तीच. नुसती बसवा. त्यानं लावलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही."

"नाही लावत," तो म्हणाला. "कसम."

डेपोत सागाच्या थप्प्यांमागे कुटाराचं पोतं तसंच टांगलेलं होतं, त्याच्यावरचा चुन्याचा गोल अजून होता. नवऱ्यानंच काढलेला. मित्रानं नळी बंदुकीवर त्याच खाचेत बसवली. फुटकी काच काढायला गेला नाही, आतली हलेल म्हणून. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यानं नेम धरला.

इंजेक्शन गोलाच्या डावीकडे वीतभर लांब लागलं.

मी पुढे होऊन रेघ पाहिली. रेघ शाबूत होती. बाहेरून काहीच हललं नव्हतं, जे हललं ते आत हललं होतं.

"अजून एक मारा," मी म्हणाले.

दुसरं अगदी पहिल्याच्या शेजारी लागलं. तो बंदूक खाली घेऊन पोत्याकडे पाहत राहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, आणखी एक. मला वाटत होतं, हे तरी गोलात लागेल. खरं सांगायचं तर, मला वाटत होतं की नवरा ते दुरुस्त करून घेईल, तिथून, जिथे कुठे आहे तिथून. तिसरंही तिथेच लागलं, आधीच्या दोघांच्या मध्ये.

म्हणजे भटकलं नव्हतं. मेलंही नव्हतं. सरकलं होतं.

मित्राचा फोन वाजला. "हो साहेब. निंगतो," एवढंच बोलून त्यानं तो खिशात टाकला. त्याला सगळं माहीत होतं. त्यालाही नवऱ्यानंच शिकवलं होतं. पण त्यानं कसम खाल्ली होती, आणि तो ती मोडणारा नव्हता.

"चाला भाभी, सोडून देतो घरी," तो म्हणाला. "आमी पाहू काई. वीतभर बाजूनं नेम धरीन अंदाजानं."

"झुडपाच्या फटीतून? अंदाजानं?"

मला त्याचा राग आला, मग माझा आला, आणि शेवटी माझ्या नवऱ्याचा आला. पावसाळी रस्त्यावर रात्र पडायच्या आत घरी यायची एवढी कसली घाई होती त्याला? घरीच यायचं होतं, दुसरं काय.

"स्क्रूड्रायव्हर द्या," मी म्हणाले.

त्यानं बंदूक दोन्ही हातांनी धरली. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घातलं. दोनदा निसटलं. मग बसलं. मी जोर दिला. नेलपॉलिशच्या रेघेला आधी बारीक तडा गेला. मग टक असा आवाज झाला, आणि रेघेचे दोन तुकडे झाले. एक स्क्रूवर राहिला, तो स्क्रूबरोबर फिरून गेला. दुसऱ्याचा पापुद्रा सुटून माझ्या अंगठ्याला चिकटला. मी फिरवत राहिले. मित्र स्क्रूचे खटके मोजत होता. मध्येच त्यानं मोजणं सोडून दिलं आणि नुसती मान हलवली.

पुढचं इंजेक्शन गोलाच्या कडेला लागलं. आणखी थोडं फिरवलं. त्याच्यापुढचं मधोमध.

"झालं," मी म्हणाले. "जा आता."

पथकाच्या गाड्या गेल्या आणि मी डेपोतच सागाच्या ओंडक्यावर बसून राहिले. चौकीदारानं दोनदा पाणी आणून दिलं. दुपार टळल्यावर फोन आला.

"लागलं भाभी. एकाच टायमात. झोपली, डॉक्टरनं तार काढली. खोल गेलती, पण जित्ती हाये."

मी फोन ठेवला आणि रडले. दवाखान्यात रडले नव्हते, फाटकापाशी रडले नव्हते, कपाळ पुसलं तेव्हा तर दात खाऊन बसले होते. तिथे चौकीदारासमोर, भुशात पाय सोडून, गळा काढून रडले. तो घाबरून लांब जाऊन उभा राहिला.

नळी मी परत मागितली नाही. ती आता त्यांच्याकडेच आहे, त्या मित्राच्या डोळ्याला लावलेली. तिच्यात आता त्या मित्राचा नेम आहे.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सासू ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे, मग माझ्या अंगठ्याकडे. लाल पापुद्रा अजून तिथेच होता.

"इझवला?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "फिरवला. माझ्या हातानं. आता तिथे त्याचं काही नाही."

ती सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली. मी पायरी चढू लागले तर हात आडवा केला. "थांब तिथंच."

आत गेली आणि बादली घेऊन आली. अर्धी भरलेली, तिला तेवढीच उचलवत होती. माझ्या पायाशी ठेवली. मग अंगणात जाऊन कडुनिंबाची खालची डहाळी ओढली, चार पानं तोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"त्या दिवशी तुले जाऊ नाही देल्लं," ती म्हणाली. "पाय धू. मंग आत ये."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून दोन्ही पाय धुतले. मग पाला तोंडात टाकला आणि चावला.